चाकोरीतली शर्यत

'चाकोरी' हा शब्द आपण बहुधा नाक मुरडूनच वापरतो. चाकोरीतले आयुष्य, चाकोरीबद्ध शिक्षण वगैरे. पण मूळ अर्थ काय? बैलगाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली खोल रेघ. बाजार आटोपून परतताना गाडीवानाचा डोळा लागला, तरी बैल आणि चाकोरी मिळून गाडी बिनचूक घरी आणीत. आज ज्या खेळाचा इतिहास मी आपल्याला सांगणार आहे, तो खेळ अशाच एका चाकोरीवर उभा आहे. त्याला म्हणतात स्लॉट कार रेसिंग.

खेळ समजायला सोपा आहे. टेबलावर किंवा जमिनीवर वळणावळणाचा रस्ता मांडायचा. त्या रस्त्यात खाच असते आणि खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असतात. वीतभरसुद्धा नसलेल्या मोटारीच्या पोटाखाली एक जीभ असते. ती खाचेत बसते आणि तिच्या दोन बाजूंचे तारांचे झुबके पट्ट्यांना घासत वीज उचलतात. तुमच्या हातात असतो चाप. दाबाल तितकी वीज जाईल. सुकाणू नाही, ब्रेकचे पायडल नाही. म्हणजे मग कौशल्य कुठे आले? ते वळणावर. चाप क्षणभर उशिरा सोडलात की गाडी खाचेतून उडून थेट पलीकडच्या खुर्चीखाली!

मी इतिहासाचा प्राध्यापक. या खेळात पडलो तो अपघाताने. आमचे रसायनी हे नावच मुळी कारखान्यांचे. १९६० साली स्थापन झालेली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स, शेजारी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स, पाताळगंगेच्या काठाने वाढलेली वसाहत, मोहोपाड्याचा बाजार. २०१७ साली केंद्र सरकारने हिंदुस्थान ऑर्गॅनिकचा इथला कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. माणसे पांगली. राहिलेल्यांत निवृत्त फिटर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक अशी हाताला काम नसले की बेचैन होणारी मंडळी बरीच होती. माझ्या मेव्हण्याने परदेशातून आणलेला चार खाचांचा एक संच माझ्या माळ्यावर धूळ खात पडला होता. तो खाली काढला, चार म्हातारे आणि आठ-दहा विद्यार्थी जमवले, आणि दर रविवारी शर्यत सुरू झाली.

तिसऱ्या रविवारी भांडण झाले. एका मुलाने स्वतःची महागडी गाडी आणली. तिच्या पोटात जोरदार लोहचुंबक होते, त्यामुळे ती रस्त्याला अशी चिकटून धावे की वळणावर चाप सोडायचीच गरज नाही. तो सगळ्या फेऱ्या जिंकला. पुढच्या रविवारी निम्मीच मंडळी आली. त्याच्या पुढच्या रविवारी पाच. मी त्या मुलाला बाजूला घेऊन, "बाबा रे, ही गाडी घरी ठेव," म्हटले. तर त्याचे वडील मला भेटायला आले. शांतपणे म्हणाले, "सर, माझ्या पोरानं चांगली गाडी घेतली, हा त्याचा गुन्हा आहे का?"

मला उत्तर देता आले नाही. मग इतिहासाच्या माणसाने जे करायचे ते केले. हा प्रश्न आधी कोणाला पडला होता, ते शोधू लागलो.

विजेवरच्या खेळण्यातल्या मोटारींची पहिली शर्यत अमेरिकेतल्या लायोनेल या आगगाडीची खेळणी करणाऱ्या कंपनीने १९१२ साली बाजारात आणली. ती चालली नाही, आणि १९१५ च्या सुमारास कंपनीने ती बंद केली. (आमच्या खालापूरकरांसाठी एक योगायोग सांगतो. त्याच १९१५ साली टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि घाटावरच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली.) पुढे कित्येक वर्षे हौशी कारागीर तेलावर चालणारी चिमुकली इंजिने मोटारींना बसवीत आणि ती मोटार तारेने एका खांबाला बांधून गरगर फिरवीत. वेग भयंकर, पण एका वेळी एकच गाडी, स्पर्धा घड्याळाशी. एकदा सोडली की मालकाने नुसते बघत राहायचे. घाण्याच्या बैलालाच पंख फुटले म्हणा ना!

१९५४ साली इंग्लंडमध्ये साउथपोर्टच्या मॉडेल इंजिनियरिंग सोसायटीने प्रदर्शनासाठी साठेक फूट लांबीचा, सहा गाड्या शेजारीशेजारी धावतील असा विजेचा रस्ता तयार केला. तिथे खाच नव्हती, उंचावलेला रूळ होता. पण या खेळाचा आधुनिक जन्म तिथूनच मोजतात, आणि माझ्या मते ते रास्त आहे. कारण आता प्रतिस्पर्धी शेजारी उभा राहिला. रुळाची खाच झाली ती त्यानंतर.

दुसरे पाऊल टाकले फ्रेड फ्रान्सिस या खेळणी-कारखानदाराने. त्याच्या मिनीमॉडेल्स कंपनीच्या किल्लीवर चालणाऱ्या 'स्केलेक्स' मोटारी १९५२ पासून खपत होत्या. पुढे खप उतरला. विजेवर धावणाऱ्या मोटारी त्याने एका प्रदर्शनात पाहिल्या, पण त्यांचा वेग बघणाऱ्याच्या हातात नव्हता. फ्रान्सिसने तो हातात दिला. 'स्केलेक्स' आणि 'इलेक्ट्रिक' यांची सांधेजोड करून 'स्केलेक्स्ट्रिक' हे नाव केले आणि जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या जत्रेत माल मांडला. मागणी इतकी आली की छोट्या कारखान्याला ती झेपेना. १९५८ साली त्याने धंदा लाइन्स ब्रदर्स या मोठ्या कंपनीला विकून टाकला.

मग आली १९६० नंतरची लाट. अमेरिकेत मोठ्या दिवाणखान्यांतून तासाच्या भाड्याने रस्ते मिळू लागले. शाळा सुटली की पोरे तिकडे धावत. मोटारीही बदलल्या. पहिल्या मोटारी निदान मोटारीसारख्या दिसत. पुढे त्या चपट्या झाल्या, मोटरची तार नव्याने गुंडाळून वेग वाढवला गेला, आणि शेवटी धावणारी गाडी डोळ्यांना नीट दिसेनाशी झाली. दशक संपता संपता त्यांतले बहुतेक दिवाणखाने बंद पडले. कारणे अनेक सांगतात आणि त्यांत तथ्य असेलही. पण खेळायला आलेला नवखा पोरगा पाच मिनिटांत हरून, खिसा रिकामा करून घरी जात असेल, तर तो दुसऱ्या दिवशी कशाला येईल? हे वाचताना मला आमचा पाचवा रविवार आठवत होता.

दिवाणखाने गेले, तरी घरांच्या माळ्यांवर आणि हौशी मंडळांच्या खोल्यांत खेळ टिकून राहिला. तिथे एक रीत आहे, ती मला फार आवडली. खाचा चार असतील तर प्रत्येकाने चारही खाचांवर ठरावीक वेळ धावायचे आणि सगळ्या फेऱ्यांची बेरीज करायची. आतली खाच लांबीला कमी पण वळणाला कडक, बाहेरची लांब पण सैल. तेव्हा खाचेचे नशीब सगळ्यांत वाटून घ्यायचे. आणि ज्यांची पाळी नाही त्यांनी वळणावळणावर मार्शल म्हणून उभे राहायचे. उडालेली गाडी उचलून खाचेत परत ठेवायची. म्हणजे तुमचा प्रतिस्पर्धीच तुमची गाडी पुन्हा रस्त्याला लावतो! त्याने जरा रेंगाळायचे ठरवले तर तुमची फेरी बुडाली. दहा मिनिटांनी तुम्ही त्याच्या जागी उभे असता, एवढीच काय ती हमी.

तरी त्या वडिलांचा प्रश्न शिल्लकच होता. त्याचे उत्तर मला खेळण्यांत नाही, खऱ्या मोटारींच्या इतिहासात सापडले.

१९०७ हे साल आमच्या कर्जतकरांना पाठ आहे. त्या वर्षी नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमध्ये वेब्रिजजवळ ब्रुकलंड्स हा मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला काँक्रीटचा रस्ता खुला झाला. ह्यू लॉक किंग या जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने तो बांधला. घेर पावणेतीन मैल, उतरती वळणे. इंग्लंडच्या सार्वजनिक रस्त्यांवर तेव्हा वेगाची मर्यादा ताशी वीस मैल होती, शर्यतींना परवानगी नव्हती. म्हणून हा खटाटोप. पण मोटारींच्या शर्यतीचे नियम कुठून आणायचे? त्यांनी ते घोड्यांच्या शर्यतीतून उचलले. सुरुवातीला चालक जॉकीसारखे रंगीत अंगरखे घालीत. गाडी ओळखायची ती अंगरख्याच्या रंगावरून! आणि घोड्यांच्या शर्यतीतूनच आला हँडिकॅप. वेगवान घोड्याच्या पाठीवर जसे जास्त वजन देतात, तसे इथे वेळेचे वजन. संथ गाडी आधी सोडायची, वेगवान गाडी शेवटी. एबलव्हाइट नावाचे एक गृहस्थ वर्षानुवर्षे हे गणित मांडीत. सगळे त्यांना 'एब्बी' म्हणत. गणित चोख जमले तर शेवटच्या सरळ पट्ट्यात साऱ्या गाड्या एकाच वेळी पोचायच्या.

यावर कुरकुर झाली नसेल? वेगवान गाडीवाला म्हणणारच, की मी मेहनत करून गाडी घडवली, आणि तुम्ही मला मागे उभे करता! पण ब्रुकलंड्सने दुसरे दारही उघडे ठेवले होते. हँडिकॅप नसलेल्या, सर्वांना एकदम सोडणाऱ्या शर्यतीही तिथे होत. इंग्लंडची पहिली ग्रां प्री १९२६ साली तिथेच झाली. रविवारची गंमत वेगळी आणि सर्वांत वेगवान कोण हे ठरवणे वेगळे. दोन्हींची गल्लत त्यांनी केली नाही. १९३९ नंतर तिथे शर्यत झाली नाही. पण २००९ साली जेम्स मे या टीव्हीवरच्या निवेदकाने शेकडो माणसे जमवून त्याच जुन्या घेरावर स्केलेक्स्ट्रिकचा रस्ता अंथरला, पावणेतीन मैलांहूनही थोडा लांब. त्यावरून खेळण्यातली मोटार धावली. बापाच्या अंगणात नातवंड खेळले म्हणायचे.

आपल्याकडे शर्यतीचे नियम ही केवळ गमतीची बाब नव्हती. अलिबागकडे समुद्राच्या पुळणीवर धावणाऱ्या बैलगाड्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. पुणे जिल्ह्यातल्या घाटांत प्रत्येक गाड्याची बारी वेगळी, निकाल घड्याळावर. तिथे शर्यत जिंकण्याच्या ईर्ष्येत मुक्या जनावराला काय सोसावे लागते, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०१४ मध्ये बंदी आली. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. आमच्या खोलीत बैल नाहीत, रक्त नाही. पण जिंकण्यासाठी काय काय चालवून घ्यायचे हे आधी ठरवावे लागते, ते आम्हालाही चुकले नाही.

तेव्हा आम्ही असे ठरवले. मालिका सहा रविवारांची. गाड्या मंडळाच्या, एकाच जातीच्या, लोहचुंबके काढलेली. प्रत्येकाने चारही खाचांवर तीन-तीन मिनिटे धावायचे. मागच्या रविवारी जो जितका मागे पडला असेल, त्या हिशेबाने त्याला या रविवारी काही फेऱ्या आगाऊ द्यायच्या. मार्शलची पाळी चुकवली तर स्वतःच्या दोन फेऱ्या कापायच्या. आणि सहावा रविवार खुला: आपापली गाडी आणा, चुंबक लावा, रॉकेट लावा, हँडिकॅप नाही. हिशेबाची वही एका निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिककाकांकडे दिली. ते सांगतात, कारखान्यात तीस वर्षे प्रेशर गेजचे आकडे लिहिले, हे काय अवघड आहे!

त्या मुलाचे वडील परत आले. मी त्यांना ब्रुकलंड्सची गोष्ट सांगितली. ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे एका रविवारी तो पहिला आणि पाच रविवार तो तुमच्या हिशेबात." मी म्हटले, "हो." त्यांना ते पुरते पटले असे मला वाटत नाही. मलाही त्यात कुठेतरी खटकतेच. मेहनतीने पुढे गेलेल्याला मागे ओढणे मला वर्गात कधी मान्य झाले नसते.

मुलगा मात्र येत राहिला. चौथ्या रविवारी तो वळणावर मार्शल होता. काकांचा हात हल्ली थरथरतो, त्यांची गाडी तीन मिनिटांत पाच वेळा उडाली. पाचही वेळा त्याने ती झडप घालून उचलली आणि खाचेत बसवली. त्या दिवशी आगाऊ मिळालेल्या फेऱ्या धरून काकांनी त्यालाच एका फेरीने मागे टाकले. निकाल वहीत काकांनीच लिहायचा होता. त्यांनी तो दोनदा तपासला.

पुढची मालिका दसऱ्यानंतर सुरू होईल. पावसाळ्यात आमच्याकडची हवा इतकी दमट असते की पट्ट्यांवर गंज धरतो आणि गाड्या अडखळतात. तेव्हा रसायनीकडे आलात तर जरूर या. गाडी आणायची गरज नाही. दातांचा एखादा जुना ब्रश मात्र घेऊन या, खाचा साफ करायला हात कमी पडतात.