केडगावचा छापखाना

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला शारदा सदन आठवतं, फार तर त्यांचं धर्मांतर आणि त्यावरून उठलेलं वादळ. केडगावच्या मुक्ती मिशनमधला छापखाना सहसा कुणाला आठवत नाही. रमाबाईंची भक्ती कशी होती हे बघायचं, तर मला तिथेच जावंसं वाटतं.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी विशीतल्या रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या त्यांच्या संस्कृतसाठी. १८८३ मध्ये इंग्लंडला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी संस्कृतचा अभिमान सुटला नाही. क्रूसावर लॅटिनच अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, यावरून त्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून भांडल्या. (कुणी सांगितलं म्हणून मान डोलावणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.)

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. आईवडील दुष्काळात उपासमारीनं गेलेले, त्यामुळे भूक काय असते हे त्यांना ठाऊक होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली, विधवा केडगावला आणल्या. ख्रिस्ती शिकवणीत खाणंपिणंसुद्धा देवाच्या गौरवासाठी करावं असं पौलानं करिंथकरांना लिहिलंय. मुक्तीत प्रार्थना होतीच, पण शेती, विणकाम, तेलाचा घाणाही होता. आणि छापखाना.

इथेच रमाबाईंनी बायबलचं नवं मराठी भाषांतर हाती घेतलं. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या बाईला कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. हे कोण म्हणतंय बघा! त्यासाठी त्या उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या.

आपण मोबाइलवर जोडाक्षर टाइप करतो तेव्हा फॉन्ट सगळं निमूट जुळवून देतो. माझ्या धंद्यात त्यामागचा गुंता थोडाफार दिसतो. तेव्हा प्रत्येक अक्षराचा शिशाचा खिळा हातानं उचलून ओळीत बसवावा लागे, आणि खिळ्यावर अक्षर उलटं असतं. सुलटी अक्षरंही नुकतीच शिकलेल्या बाईला हे करायचं म्हणजे काय, विचार करा. मुक्तीतल्या बायकांनी ते केलं.

भाषांतर सगळीकडे रसाळ झालंय असं मी म्हणणार नाही. मूळ शब्दांना चिकटून राहिल्यामुळे वाक्यं मध्येच अडखळतात. हिंदू धर्मकल्पनांचा वास येणारे शब्द टाळायचा रमाबाईंचा हट्टही मला पटत नाही. शब्द असे धुऊन निघत नाहीत. चर्चमध्येही ते फारसं रुजलं नाही. सोपं लिहिण्याचा हा खटाटोप मात्र त्यांनी वर्षानुवर्षं सोडला नाही. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालूच होतं.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.