बॉयलरमधले मीठ

वाफेच्या इंजिनाला गोडे पाणी लागते. खारे पाणी बॉयलरमध्ये फेसाळते, नळ्यांवर पुटे चढवते, लोखंड खाते. त्यामुळे पश्चिम ऑस्ट्रेलियात लोहमार्गालगतच्या जलसाठ्यांवर रेल्वेची बारीक नजर असे. विसाव्या शतकाच्या आरंभी यांतले काही साठे खारे होऊ लागले, तेव्हा ही गोष्ट शेतीखात्याच्या आधी रेल्वेला बोचली. रेल्वेतले अभियंते डब्ल्यू. ई. वुड यांनी १९२४ साली तिथल्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे कारण मांडले: पाणलोटातली झाडी गेली, म्हणून जमिनीत आणि ओढ्यांत मीठ आले.

वरवर पाहता हे उफराटे वाटते. झाड गेले तर जमीन सुकेल, असाच आपला समज. पण हा मुलूख वेगळा आहे. हिंदी महासागरावरून येणारा पाऊस थोडे थोडे मीठ घेऊन येतो. हजारो वर्षे ते येत राहिले आणि ग्रॅनाइट कुजून झालेल्या खोल चिकणमातीत साठत गेले. नद्यांना उतार नाही, त्यामुळे ते वाहूनही गेले नाही. वर युकॅलिप्टसची जंगले आणि झुडपे उभी होती. त्यांची मुळे खोल, पाने बारमाही. पडलेला जवळजवळ सगळा पाऊस ती पिऊन टाकत. भूजलापर्यंत अगदी थोडा पोचे. मीठ जागच्या जागी पडून राही.

१८९०च्या दशकात सोने सापडले, माणसे आली, आणि सरकारने त्यांना गव्हाच्या शेतीकडे वळवले. जमीन मिळे ती साफ करण्याच्या अटीवर, आणि त्यासाठी कर्जही मिळे. झाडाच्या खोडाभोवती सालीचे कडे काढायचे, ते उभ्याउभ्या वाळू द्यायचे, मग जाळायचे. त्या जागी आलेला गहू हिवाळी पावसावर वाढतो, त्याची मुळे उथळ, आणि उन्हाळाभर शेत मोकळे. न प्यायलेले पाणी खाली झिरपत राहिले, भूजल वर्षागणिक चढत गेले आणि चढताना मातीतले मीठ विरघळवून वर घेऊन आले. ते आधी सखल भागात उगवले.

कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात 'क्षारपड' हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. तिथे जमिनीला पाणी जास्त पाजले गेले. गव्हाच्या या पट्ट्यात मात्र बाहेरून थेंबही आणला नव्हता; पिणारे तेवढे काढून टाकले होते.

पुरावा सरकारच्या हातात वुड यांच्याही आधी होता. कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींना पाचशेहून अधिक किलोमीटर नळाने पाणी पुरवणाऱ्या मुंडारिंग धरणात आवक वाढावी म्हणून शतकाच्या पहिल्याच दशकात पाणलोटातली झाडे अशीच साल काढून मारण्यात आली. पाणी खारे होऊ लागले, तेव्हा जंगल पुन्हा वाढू देण्यात आले. धरणाच्या बाबतीत जे उमगले ते शेतीच्या धोरणापर्यंत पोचले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर साफसफाईला उलट जोर आला. १९६०च्या दशकात 'वर्षाला दहा लाख एकर' ही अभिमानाने मिरवायची घोषणा होती.

हे निव्वळ अडाणीपण होते असे मला वाटत नाही. झाड तोडणे आणि मीठ दिसणे यांत कैक वर्षे, कधी दशके जात. शिवाय तोडणारा चढावर असे आणि नासाडी खालच्या शेजाऱ्याच्या शेतात होई. तोवर वरच्याच्या पदरात गव्हाची कितीतरी पिके पडलेली असत. अशा हिशेबात अभियंत्याचा निबंध कोण वाचतो?

पिण्याच्या पाण्यावर गदा आली, तेव्हा १९७६मध्ये काही पाणलोटांत झाडे तोडण्यावर कायद्याने बंधन आले. तोवर गव्हाच्या पट्ट्यातल्या बऱ्याच नद्या खाऱ्या झाल्या होत्या. आज सुमारे दहा लाख हेक्टर शेतजमीन मिठाने ग्रासलेली आहे. शेताच्या कडेला चार ओळी झाडे लावून भागत नाही; पाण्याची पातळी खाली आणायची तर उताराचा मोठा भाग पुन्हा खोल मुळांखाली द्यावा लागतो, म्हणजे तेवढा गहू सोडावा लागतो. १९७०च्या दशकापासून तिथला हिवाळी पाऊसच घटला आहे, आणि काही ठिकाणी भूजलाचे चढणे मंदावले आहे ते त्यामुळे.