कांद्याच्या विकरास लसणाचे नाव

नाशिक जिल्ह्यात निफाड, चांदवड, येवला या तालुक्यांत कांद्याची पारख मुख्यत्वे रंग, आकार व टिकाऊपणा यांवरून होते. त्याचा तिखटपणा गृहीतच धरलेला असतो. वस्तुतः अखंड कांद्यात हा तिखटपणा नसतोच. तो चिरण्याच्या क्षणी निर्माण होतो. रसायनशास्त्राने हे उकलले, परंतु ते प्रथम लसणाच्या संदर्भात, आणि त्याची खूण परिभाषेत कायम राहिली.

स्वित्झर्लंडमधील बाझल येथे स्टोल व सीबेक यांनी १९४० नंतरच्या दशकात लसणातून एक गंधकयुक्त अमिनो आम्ल वेगळे केले. लॅटिन भाषेत लसणास ‘आलियम’ म्हणत, कांद्यास ‘केपा’. त्यामुळे या द्रव्यास ‘ॲलिइन’ व त्याचे विघटन करणाऱ्या विकरास ‘ॲलिनेज’ ही नावे पडली. १९६१ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने विकरांचे सहा वर्ग कल्पिले, तेव्हा ॲलिनेज चौथ्या, म्हणजे ‘लायेज’ वर्गात गेले. ग्रीक ‘लिसिस’ म्हणजे सोडविणे. जलविच्छेदन किंवा ऑक्सिडीकरण न करता बंध तोडणारे विकर या वर्गात येतात. ‘सोडविणे’ हा अर्थ येथे अगदी यथार्थ आहे.

कांद्याच्या पेशीत ॲलिनेज रिक्तिकेत असते, तर गंधकयुक्त द्रव्य तिच्याबाहेर पेशीद्रव्यात. विळीच्या पात्याने हा पडदा फाटला की दोहोंची गाठ पडते, कार्बन व गंधक यांमधील बंध तुटतो आणि सल्फेनिक आम्ल सुटे होते. उरलेल्या भागापासून पायरुविक आम्ल व अमोनिया तयार होतात. भाजलेला कांदा गोडसर लागतो, कारण उष्णतेने हे विकर आधीच निकामी झालेले असते.

कांद्यातील मूळ द्रव्य मात्र ॲलिइनचे केवळ भावंड होय. फिनलंडच्या विर्तानेन यांनी ते १९६१ च्या सुमारास वेगळे केले. त्यापासून निघणारे सल्फेनिक आम्ल आपोआप अश्रुकारी वायूत रूपांतरित होते, अशी समजूत त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे टिकली. २००२ साली जपानमधील इमाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, हे रूपांतर घडविणारे एक दुसरेच विकर कांद्यात असते. एकाच नावाखाली दोन वनस्पतींची क्रिया मांडली गेल्याने हा भेद झाकला गेला असावा, असे मानण्यास जागा आहे. २००८ साली न्यूझीलंडमध्ये हे दुसरे विकर दडपून कांदा वाढविला गेला. त्याच्या अश्रुकारी वायूत मोठी घट झाली, ॲलिनेज मात्र पूर्ववत् राहिले.