‘ब्ल्यू ऱ्हिदम’ : वादकांच्या नावांसाठी

आमच्या बरकतपुऱ्यातल्या मराठी घरांत पेटी असे, तबला असे; ट्रंपेट दिसायचा तो वरातीच्या बँडमध्ये. म्हणून १९५२ साली मुंबईत केवळ जाझ संगीताला वाहिलेले ‘ब्ल्यू ऱ्हिदम’ नावाचे इंग्रजी मासिक निघाले होते, असे सांगितले की जाणती मंडळीही चमकतात.

निरंजन झवेरी आणि त्यांच्या रसिक मित्रांचा हा खटाटोप. विलायतेत ‘मेलडी मेकर’ १९२६ पासून आणि अमेरिकेत ‘डाउन बीट’ १९३४ पासून चालू होते. कोण कुठल्या बँडमध्ये गेला, कुणाची तबकडी आली, हे वादकाला तिथे वाचायला मिळे.

मुंबईत वादकांची वाण नव्हती. १९३५ च्या सुमारास ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन बँड आला, मागाहून टेडी वेदरफर्ड आला. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकलेल्या पोरांनी ही विद्या झपाट्याने उचलली. अल्दोन्याचा अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाला तो असा. रात्री हॉटेल, दिवसा सिनेमाचा स्टुडिओ! संगीतकाराने चाल सांगावी आणि गोवेकराने ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून द्यावा, अशी रीत होती. पडद्यावर नाव मात्र बहुधा संगीतकाराचे. फार तर एखाद्या साहाय्यकाचे. उरलेले सारे बिननावाचे. अशा वादकांना नावानिशी ओळखणारे छापील पान किती मोलाचे, हे निराळे सांगायला नको.

पण काळ अनुकूल नव्हता. दारूबंदीने हॉटेलांतल्या मैफिलींची रया गेली होती आणि जाझचा श्रोता मुळातच मूठभर. मासिक लवकरच बंद पडले. झवेरींनी मात्र नाद सोडला नाही. १९७८ साली त्यांनी मुंबईत ‘जाझ यात्रा’ भरवली.

योगायोग असा की, त्याच १९५२ साली आपले बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झाले. हैदराबादचे डेक्कन रेडिओ १९५० मध्येच आकाशवाणीत विलीन झालेले. तेव्हा चिकचा ट्रंपेट आमच्या गल्लीत पोचला तो रेडिओ सिलोनच्या खरखरीतून.

‘अलबेला’ (१९५१) पाहिलेल्यांना भगवानदादा आठवतात, सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे चितळकर आठवतात. त्यातल्या एका नाचात चिक आपल्या बँडसह पडद्यावर दिसतो. पुढच्या वेळी जरा मागच्या रांगेकडे बघा.