ब्रह्मचाऱ्याचा वेष आणि शिष्याचा अधिकार

विद्यार्थ्यानें काय नेसावें, केस कसे राखावे आणि हें ठरविण्याची सत्ता कोणाची, हा वाद आपल्या काळांत न्यायासनापर्यंत गेलेला आहे. अशा प्रसंगीं प्राचीन गुरुकुलाच्या शिस्तीचा दाखला पुष्कळदां पुढें करण्यांत येतो. ती शिस्त ज्या ग्रंथांत सांगितली आहे, ते ग्रंथ मुद्रित असून सुलभ आहेत. तेव्हां त्यांतील वचनें एकत्र मांडून, वेषाचा नियम कितपत कडक होता व त्याच्या जोडीनें शिष्याच्या पदरीं काय पडत होतें, हें पाहण्याचें येथें योजिलें आहे. आधार मुख्यतः पांच ग्रंथांचा: आश्वलायन व पारस्कर यांचीं गृह्यसूत्रें, गौतम व आपस्तंब यांचीं धर्मसूत्रें आणि मनुस्मृति. आपस्तंबाच्या धर्मसूत्राची बूलर यांनीं सिद्ध केलेली आवृत्ति मुंबईस १८६८-७१ सालीं निघाली. गौतमाचें पुस्तक हरदत्ताच्या टीकेसह पुण्याच्या आनंदाश्रमानें १९१० सालीं छापिलें. या दोन्ही धर्मसूत्रांवर हरदत्ताचीच टीका असल्यामुळें तीं ताडून पाहणें सोयीचें होतें.

१. वेषाचीं अंगें

आपल्या भाषेंत उपनयनाला ‘मुंज’ म्हणतात. मुंज हें मूळचें एका गवताचें नांव. त्या गवताची तिपेडी मेखला बटूच्या कमरेस बांधावयाची, म्हणून तें मौंजीबंधन. आणि विद्या पुरी झाल्यावर ती सोडावयाची, म्हणून सोडमुंज. सबंध संस्काराला विद्यार्थ्याच्या वेषांतील एका दोरीवरून नांव पडावें, यावरून वेषाचें महत्त्व किती होतें हें दिसून येतें.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत हा वेष अंगशः सांगितला आहे. उत्तरीय म्हणून ब्राह्मणास कृष्णमृगाचें, क्षत्रियास रुरूचें व वैश्यास बोकडाचें अजिन. नेसावयास अनुक्रमें तागाचें, क्षौम आणि लोंकरीचें वस्त्र. मेखला ब्राह्मणाची मुंजाची, क्षत्रियाची मूर्वेच्या धनुष्यदोरीची, वैश्याची तागाच्या सुताची. दंड ब्राह्मणास बेलाचा किंवा पळसाचा, क्षत्रियास वडाचा किंवा खैराचा, वैश्यास पीलूचा किंवा उंबराचा. त्याची उंची पहिल्याची केसांपर्यंत, दुसऱ्याची कपाळापर्यंत, तिसऱ्याची नाकापर्यंत. दंड सरळ, सालीसकट, विस्तवाची झळ न लागलेला आणि दिसण्यांत सौम्य असावा. पाहणारास भय उत्पन्न होईल असा नसावा. विद्यार्थ्याच्या हातीं काठी द्यावयाची, पण ती भयंकर दिसूं द्यावयाची नाहीं, ही दृष्टि लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

यास आजच्या अर्थानें गणवेष म्हणतां येणार नाहीं. गणवेषाचा हेतु सर्वांस सारखें दाखविणें हा असतो. ब्रह्मचाऱ्याचा वेष त्याच्या उलट होता: बटु दुरून दिसला कीं तो कोणत्या वर्णाचा हें काठीच्या उंचीवरूनही ओळखतां यावें, अशी योजना होती. तो आश्रमाचें चिन्ह होता आणि वर्णाचेंही.

२. विकल्पांची परंपरा

तथापि हीं कोष्टकें वाचून नियम लोखंडी असावेत असा समज करून घेणें बरोबर नाहीं. सूत्रकारांनीं पदोपदीं विकल्प ठेविले आहेत. मुंज न मिळाल्यास कुश, अश्मंतक किंवा बल्वज यांची मेखला चालते असें मनु सांगतो, आणि तिची गांठ एक, तीन किंवा पांच अशी कशीही मान्य करतो. पारस्कर म्हणतो कीं सांगितलेलें अजिन न मिळाल्यास सर्वांना गाईचें चर्म चालेल. दंडाच्या बाबतींत तर आश्वलायन व पारस्कर या दोघांनींही कोणताही दंड कोणासही चालेल असा पर्याय देऊन वर्णभेदाचा एक धागा मोकळा सोडला आहे. गौतमाच्या पहिल्या अध्यायांत ताग, क्षौम, चीर आणि लोंकरीचें कुतप हीं वस्त्रें सर्वांनाच सांगितलीं आहेत. न रंगविलेला कापूसही त्यास चालतो आणि कांहींच्या मतें काषाय वस्त्रही. आपस्तंबाकडे मेंढीचें अजिन सर्व वर्णांना मोकळें आहे.

केसांविषयींही असेंच. गौतम आणि मनु दोघेही तीन मार्ग देतात: सर्व मुंडन करावें, जटा वाढवाव्या, किंवा शेंडीपुरती जटा ठेवावी. आपस्तंब यांतील शेवटचे दोनच सांगतो. एकाच गुरूच्या अंगणांत एक गुळगुळीत डोक्याचा व एक जटाधारी असे दोन शिष्य शेजारीं बसले, तरी दोघेही नियमांतच होते. ज्या ग्रंथांना आपण कठोर म्हणतों त्यांनीं मस्तकाच्या बाबतींत इतकी मोकळीक ठेविली, ही गोष्ट एकरूपतेच्या आग्रहास प्राचीन शिस्तीचा आधार शोधणारांनीं ध्यानांत घ्यावी.

कडकपणा होता तो भोगाच्या वस्तूंविषयीं. गंध, माळा, अभ्यंग, अंजन, जोडा, छत्री, नृत्य, गीत, वाद्य यांना बंदी होती. गुरूसमोर शिष्याचें अन्न, वस्त्र व वेष गुरूहून कमी दर्जाचे असावेत, असेंही मनु सांगतो. परंतु ही बंदी मुदतीची होती. समावर्तनाच्या वेळीं मणि, कुंडलें, वस्त्रांची जोडी, छत्री, पायांतील जोडा, माळ, उटणें, अंजन, पागोटें या वस्तु जमवाव्या असें आश्वलायन सांगतो. त्याही स्वतःसाठीं आणि आचार्यासाठीं अशा दोघांच्या. म्हणजे शिष्यदशेंत जें वर्ज्य होतें, त्यांतील बहुतेक शेवटीं सन्मानानें परत मिळत असे.

३. गुरूवरील बंधनें

आतां दुसरी बाजू. धर्मशास्त्रांत ‘अधिकार’ या शब्दाचा अर्थ पात्रता असा आहे. आपण आज ज्याला हक्क म्हणतों तो अर्थ त्यांत नाहीं. शिष्याचा हक्क शोधावयाचा तर तो गुरूच्या कर्तव्यांत शोधला पाहिजे, आणि तेथें तो सांपडतो.

आपस्तंबाच्या पहिल्या प्रश्नांत आचार्याचें वर्तन सांगितलें आहे. त्यानें शिष्यावर पुत्रवत् प्रेम करावें, कांहींही हातचें न राखतां लक्षपूर्वक विद्या द्यावी, आणि आपत्काल सोडून, अध्ययनांत अडथळा येईल अशा रीतीनें त्याला आपल्या कामास जुंपूं नये. शिकविण्याची टाळाटाळ करणारा आचार्य आचार्यच राहत नाहीं. शिष्यानें आज्ञा पाळावी खरी, पण जिच्यामुळें पातित्य येईल अशी आज्ञा पाळण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं. आणि आचार्याकडून चुकून अगर जाणूनबुजून नियमभंग झाला, तर शिष्यानें तो त्याला एकांतांत दाखवून द्यावा. हें शेवटचें विधान मोठें धाडसाचें आहे. त्यानें विनय सुटूं दिला नाहीं आणि शिष्याचें तोंडही बंद केलें नाहीं.

शिक्षेविषयीं आपस्तंब धाक, उपास, पाण्यांत स्नान आणि नजरेआड करणें एवढे दंड सांगतो. तेही अपराधाच्या मानानें, आणि शिष्य सुधारेपर्यंतच. या यादींत छडी नाहीं. गौतम म्हणतो कीं शिष्याला मारल्यावांचून शासन करावें. तें न साधेल तरच बारीक दोरी किंवा वेळूची बारीक कांब वापरावी. अन्य कशानें मारणाऱ्यास राजानें दंड करावा. गुरूच्या आश्रमावरही राजशासनाचा अंमल चालतो, आणि तो शिष्याच्या बाजूनें चालूं शकतो, असें यांतून स्पष्ट होतें.

मनूच्या आठव्या अध्यायांत दोरीनें अगर वेळूच्या कांबीनें कोणास मारतां येईल यांची यादी आहे. तेथें कांहीं ठिकाणीं ‘शिष्य’ तर कांहीं ठिकाणीं ‘प्रेष्य’ म्हणजे चाकर असा पाठ मिळतो. पोथ्या ताडून पाहणारांस असे पाठभेद नवे नाहींत. पण लेखणीच्या एवढ्याशा फरकानें मार खाणाराची जागा बदलते, हें विसरतां येत नाहीं. चौथ्या अध्यायांत मात्र पुत्र आणि शिष्य यांस शिकविण्यासाठीं ताडन करण्याची मुभा असंदिग्ध आहे. त्या मुभेलाही मर्यादा आहे: आठव्या अध्यायाप्रमाणें मार पाठीवरच द्यावा, मस्तकावर कदापि देऊं नये, उलट वागणारास चोराचें पाप लागतें. आणि दुसऱ्या अध्यायांत हाच मनु उपदेश अहिंसेनें व गोड वाणीनें करावा असें सांगतो.

४. वेषाच्या दाराबाहेरचे

एवढ्यावर लेख संपविला तर अर्धेंच सत्य सांगितल्यासारखें होईल. वरील संरक्षण ज्याला मेखला मिळाली त्यालाच होतें. आपस्तंब आरंभींच शूद्रांना उपनयनांतून वगळतो. म्हणजे वेष हेंच विद्येच्या वाड्याचें दार होतें, आणि फार मोठ्या समाजाला तें बंद होतें.

स्त्रियांविषयीं निबंधग्रंथांत यमाचें म्हणून एक वचन उद्धृत केलेलें असतें, म. म. पां. वा. काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ सालच्या दुसऱ्या खंडांत या विषयाचा विचार केला आहे. त्या वचनाप्रमाणें पूर्वकल्पांत कुमारींचेंही मौंजीबंधन होत असे. पिता, चुलता किंवा भाऊ यांनींच त्यांस शिकवावें. भिक्षा स्वगृहीं मागावी. आणि अजिन, चीर व जटा त्यांनीं वर्ज्य करावीं. आपल्या विषयाच्या दृष्टीनें यांतील मर्म असें कीं मुलींसाठीं वेषाचीं हीं अंगें बाजूस ठेविलीं, तरी अध्ययन बाजूस ठेविलें नव्हतें. चिन्ह सोडूनही विद्या राहूं शकते, ही कल्पना परंपरेला अगदींच परकी नव्हती. पुढें ती वाट बुजली. पुण्यास १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां मेखलेचा प्रश्न न विचारतां दार उघडण्याचें काम नव्यानें करावें लागलें.

५. निष्कर्ष

वरील वचनांवरून तीन गोष्टी निघतात. पहिली, वेषाचे नियम तपशिलांत पुष्कळ पण विकल्पांनीं सैल होते. वस्तु न मिळाल्यामुळें कोणाचें अध्ययन अडूं नये अशी काळजी त्यांत घेतलेली आहे. दुसरी, शिष्याचा वेष सांगणाऱ्या ग्रंथांनींच गुरूचा हात आणि त्याची सत्ता यांना मर्यादा घातली. तिसरी, वेष ज्या क्षणीं पात्रतेची खूण बनतो, त्या क्षणीं तो कोणाला तरी बाहेर ठेवतो.

२००९ सालच्या बालशिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली. गौतमानें उपाय म्हणून शिल्लक ठेविलेली वेळूची कांबही त्यानें काढून घेतली. विद्यार्थिनींच्या शिरोवस्त्रावरून कर्नाटकांत उठलेल्या वादांत १३ ऑक्टोबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा मतभेद झाला. त्याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु अशा वादांत गुरुकुलाचा दाखला देणारानें तो पुरता द्यावा. मेखलेचें सूत्र वाचून पोथी मिटणें ग्रंथाशीं प्रामाणिकपणाचें नाहीं. आणखी कांहीं पानें उलटलीं कीं त्याच पोथींत गुरूला एकांतांत त्याची चूक सांगणारा शिष्य उभा आहे, आणि दाराबाहेर, जिला आंत घेतलेंच नाहीं अशी मोठी प्रजाही.