सोलापूरच्या मातीत टस्कनीची वेल

सोलापूर जिल्ह्याला द्राक्ष नवे नाही. नान्नजचे प्रयोगशील बागायतदार नानासाहेब काळे यांनी 'थॉमसन सीडलेस'मधून निवडलेली लांबट मण्यांची 'सोनाका' ही जात राज्यभर पोहोचली. पंढरपूर तालुक्यातील कासेगाव परिसर द्राक्ष आणि बेदाण्यासाठी ओळखला जातो. मात्र ही सारी द्राक्षे खाण्याची किंवा वाळवण्याची. याच जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, ऊस आणि सहकारी साखर कारखानदारीसाठी प्रसिद्ध असलेल्या अकलूजच्या परिसरात, सुमारे दोन दशकांपूर्वी एका वेगळ्या द्राक्षाची लागवड झाली. त्याचे नाव 'सांजोवेझे'. इटलीतील टस्कनी प्रांताच्या वर्षानुवर्षे टिकणाऱ्या लाल वाइन याच द्राक्षापासून तयार होतात.

द्राक्षाचे कूळ

सांजोवेझे या नावाचा संबंध 'ज्युपिटरचे रक्त' या अर्थाच्या लॅटिन शब्दांशी जोडला जातो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून 'चिलियेजोलो' आणि 'कालाब्रेझे मोन्तेनुओवो' या दोन जातींच्या संकरातून ते जन्मल्याचे स्पष्ट झाले. त्यांपैकी पहिली जात टस्कनीची, तर दुसरी दक्षिण इटलीची. हे द्राक्ष उशिरा पिकते, त्याची साल पातळ असते आणि त्याच्या रसात आम्लता भरपूर असते. सालीतून आणि बियांमधून येणारे तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य. आम्लता आणि टॅनिन या दोन खांबांवरच लाल वाइनचे दीर्घायुष्य उभे असते.

टस्कनीतील कियान्ती ही वाइन प्रामुख्याने सांजोवेझेचीच. १७१६ मध्ये टस्कनीचे शासक कोझिमो तिसरे यांनी कियान्तीसह चार वाइन-प्रदेशांच्या सीमा फर्मान काढून निश्चित केल्या. ठरावीक प्रदेशाबाहेरच्या मालाला त्या प्रदेशाचे नाव लावता येऊ नये, या विचाराचे ते फार जुने उदाहरण मानले जाते. पुढे एकोणिसाव्या शतकात बॅरन बेत्तिनो रिकासोली यांनी कियान्तीसाठी मिश्रणाचे सूत्र मांडले आणि त्यात सांजोवेझेला प्रमुख स्थान दिले.

मोन्ताल्चीनोची परंपरा

सांजोवेझेच्या दीर्घायुष्याची खरी कसोटी मात्र मोन्ताल्चीनो या डोंगरावरील गावात लागली. तेथील बियोन्दी सांती घराण्याने सांजोवेझेच्या निवडक वेली जोपासल्या आणि अन्य द्राक्षांची भेसळ न करता निव्वळ त्याच रसाची वाइन लाकडी पिंपांत दीर्घकाळ मुरवली. फेर्रुच्चो बियोन्दी सांती यांची १८८८ च्या हंगामाची 'ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चीनो' ही या परंपरेतील मैलाचा दगड ठरली. त्या हंगामातील बाटल्या एका शतकानंतरही जाणकारांनी चाखल्या.

१९८० मध्ये ब्रुनेल्लोला इटलीतील सर्वोच्च प्रादेशिक मानांकन मिळाले. तिचे नियम कडक आहेत. वाइन शंभर टक्के सांजोवेझेची हवी. हेक्टरी आठ टनांहून अधिक द्राक्षे घेता येत नाहीत. किमान दोन वर्षे ओकच्या पिंपात मुरवणे बंधनकारक असून हंगामानंतर पाचव्या वर्षाचा जानेवारी उजाडेपर्यंत बाटली बाजारात आणता येत नाही. २००८ मध्ये काही उत्पादकांनी अन्य द्राक्षे मिसळल्याच्या संशयावरून चौकशी झाली. नियम शिथिल करावा, अशी मागणीही पुढे आली होती. मात्र त्याच वर्षी उत्पादकांनी मोठ्या बहुमताने शुद्ध सांजोवेझेचा नियम कायम ठेवला.

टस्कनीतच दुसरा प्रवाहही वाढला. आंतिनोरी घराण्याने १९७१ च्या हंगामापासून 'तिन्यानेल्लो' ही वाइन आणली. लहान ओक पिंपांत मुरवलेल्या सांजोवेझेत पुढे फ्रान्सच्या 'कॅबर्ने सोव्हिन्यॉ' द्राक्षाची जोड देण्यात आली. तेव्हाच्या नियमांत न बसल्याने तिला कियान्ती हे नाव सोडावे लागले, तरीही तिला जगभर मान मिळाला. अकलूजच्या वाइनचे नाते या दुसऱ्या प्रवाहाशी आहे.

अकलूजचा प्रयोग

इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा भावांच्या तीन जोड्यांनी एकत्र येऊन 'फ्रॅटेली' ही वायनरी उभारली. इटालियन भाषेत 'फ्रातेल्ली' म्हणजे भाऊ. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव परिसरात सुमारे २४० एकरांवर युरोपातून आणलेल्या वाइनद्राक्षांची लागवड झाली. टस्कनीचे अनुभवी वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी वाइननिर्मितीची सूत्रे सांभाळली. येथील मानाची वाइन 'सेत्ते'. सेत्ते म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवे मासी. २००९ च्या हंगामापासून सुरू झालेली ही वाइन सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉ यांच्या मिश्रणातून होते आणि ओकच्या पिंपांत मुरवली जाते.

दोन छाटण्यांचे गणित

टस्कनी उत्तर अक्षांश ४३ च्या आसपास, तर अकलूज १८ च्या जवळ. टस्कनीत हिवाळ्यात वेल झोपी जाते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षे तोडली जातात. आपल्याकडे वेलीला अशी झोप मिळत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून घड धरायचा, ही महाराष्ट्राची पद्धत. वाइनद्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च या काळात होते.

या उलट्या हंगामाचा सांजोवेझेला एक फायदा मिळतो. टस्कनीत हे द्राक्ष उशिरा पिकत असल्याने ऐन तोडणीत शरदातील पाऊस गाठतो आणि पातळ सालीचे मणी सडतात. आपल्याकडे त्या काळात हवा सहसा कोरडी असते. अवकाळी पाऊस आणि गारपीट झाल्यास मात्र हा फायदा एका दिवसात नाहीसा होतो. तोट्याची बाजूही तितकीच ठळक आहे. फेब्रुवारी सरत असताना ऊन चढते, रसातील साखर वेगाने वाढते आणि आम्लता घसरते. आम्लता गेली की वाइनचे आयुष्यच घटते. म्हणून तोडणीचा दिवस अचूक साधणे, पहाटेच्या गारव्यात घड काढणे आणि ते तातडीने वायनरीत पोहोचवणे महत्त्वाचे ठरते. मुळात आम्ल असलेली सांजोवेझेसारखी जात येथे उपयोगी पडते, ती याच कारणाने.

वजन की गुण?

खरा फरक आहे तो यशाच्या मोजमापात. खाण्याच्या द्राक्षाचा बागायतदार मणी फुगवण्यासाठी संजीवकांचा वापर करतो, घडाची विरळणी करतो, एकरी दहा-बारा टनांचे उद्दिष्ट ठेवतो. वाइनसाठी याच्या नेमके उलटे हवे असते. मणी लहान हवा, कारण रंग, गंध आणि टॅनिन सालीत असतात आणि लहान मण्यात रसाच्या तुलनेत सालीचे प्रमाण जास्त असते. पाणी बेताचे हवे, घड मोजके हवेत. ब्रुनेल्लोचा हेक्टरी आठ टनांचा नियम म्हणजे एकरी जेमतेम सव्वातीन टन. वजनावर भाव मिळणार असेल, तर कोणता शेतकरी स्वतःहून पीक कमी करील?

त्यात वेल लावल्यापासून पहिल्या चांगल्या पिकाला सुमारे तीन वर्षे आणि वाइन मुरायला पुढची काही वर्षे, इतका काळ भांडवल अडकते. बियांनी भरलेले हे द्राक्ष खाण्याच्या बाजारात विकताही येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर राज्यात अनेक वायनरी उभ्या राहिल्या. पण २००८-०९ च्या मंदीत अनेक छोट्या वायनरी अडचणीत येताच शेतकऱ्यांना वाइनद्राक्षाच्या बागा उपटाव्या लागल्या. थांबण्याचा भार कोणी सोसायचा, हा प्रश्न तेव्हा कळीचा ठरला. स्वतःच्या मालकीच्या बागा हे अकलूजच्या प्रयोगाने दिलेले एक उत्तर आहे. करारशेतीत वजनाऐवजी गुणवत्तेवर भाव ठरवणे, हे दुसरे उत्तर होऊ शकते.

बाटलीतील आयुष्य

मुरत असताना टॅनिनचे कण एकमेकांशी जोडले जातात आणि तुरटपणा मऊ होतो. माणकासारखा लाल रंग विटकरी छटेकडे झुकतो, तळाशी गाळ बसतो. ताज्या फळांचा गंध मागे पडून सुकामेवा, चामडे, तंबाखूची पाने यांची आठवण देणारे गंध पुढे येतात. यासाठी १२ ते १५ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान आणि अंधार आवश्यक असतो. बूच कोरडे पडू नये म्हणून बाटली आडवी ठेवावी लागते. सोलापूरचा मे महिन्यातील पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा हवेत घरातील उघड्या फडताळात ठेवलेली उत्तम वाइनही एका उन्हाळ्यात उतरते. घरात थंड कपाटाची सोय नसेल, तर बाटली वर्षानुवर्षे जपण्याचा मोह टाळलेला बरा.

मोन्ताल्चीनोचा वारसा सव्वाशे वर्षांहून जुना आहे, तर सेत्तेची पहिली बाटली २००९ च्या हंगामाची. दोघांची तुलना आज करणे अन्यायाचे ठरेल. वारसा वेलीबरोबर आयात करता येत नाही. कमी पिकावर समाधान मानणारी बाग, त्या संयमाचा मोबदला देणारा बाजार आणि थांबायला तयार असलेला ग्राहक असे तिन्ही जमून आले, तरच तो माळशिरसच्या मातीत रुजेल.