तूप लावलेली नळी

शिरूर-दौंडकडे प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठी थांबलेली म्हातारी माणसं लघवीची नळी घेऊन महिनोन्‌महिने घरी असतात. बाजेला पिशवी टांगलेली, नळी मांडीला चिकटपट्टीनं बांधलेली. मी याच भागात सिस्टर म्हणून नोकरी केली आणि आजही बोलावणं आलं की नळी बदलायला जाते. त्यामुळे या नळीचा इतिहास वाचताना माझं लक्ष एकाच गोष्टीकडे जातं: तिच्या अंगाला काय लावलं होतं?

शिश्नाची कातडी आवळून लघवी अडली, तर लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दोन्हीकडे उघडी नळी तूप लावून आत घालावी, दर तीन दिवसांनी जास्त जाड घ्यावी, असं सुश्रुतसंहितेत सांगितलंय. तूप कशासाठी? नळी सरकावी, माणसाला दुखू नये म्हणून. जंतू तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. 1752 साली बेंजामिन फ्रँकलिननं भावासाठी चांदीची लवचिक नळी करवून घेतली, तीही आत जाण्याच्याच सोयीची. पुढे गुडइयरनं रबर टिकाऊ केलं आणि फ्रान्समध्ये डॉक्टर नेलातोंची लाल रबरी नळी आली. ती उकळून पुन्हा वापरायची.

खरा बदल केला फ्रेडरिक फोलीनं, 1930च्या दशकात. टोकाजवळ फुगा, त्यात पाणी भरलं की नळी मूत्राशयात अडकून राहते. नळी मुक्कामाला राहिली आणि तिच्यासोबत जंतूही राहिले. उघड्या बाटलीत लघवी सोडायची पद्धत होती तेव्हा चौथ्या दिवसापर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडत. 1966 साली क्युनिन आणि मॅककॉर्मॅक या संशोधकांनी बंद पिशवीनं जंतूंचं येणं पुष्कळ लांबवता येतं हे दाखवलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा उपकार हाच, आणि त्यात लेप कुठेच नाही.

पण लांबलं तरी ते टळत नाही. मांडवगणकडच्या एका आजोबांची नळी काढली, तेव्हा टोकाला पांढरा खर धरला होता. चिमटीत दाबला तर करकरला. आजोबा म्हणाले, "बाई, आत वाळू झाली का हो?" अगदी तसंच असतं. प्रोटियस नावाचे जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे फॉस्फेट नळीवर जमतात. भोक बुजतं, लघवी तुंबते, रात्री-अपरात्री गाडी शोधावी लागते.

यावर उपाय म्हणून नळीला टेफ्लॉन झालं, सिलिकॉन झालं, चांदीचा लेप झाला. मग पाणीच टिकू न देणारा पृष्ठभाग करायची कल्पना आली. अळूचं पान बादलीत बुडवून पाहा, त्यावर चकाकता थर दिसतो. ती खडबडीत पृष्ठभागात अडकलेली हवा; तिच्यामुळे पान भिजत नाही. पण पान बुडवून ठेवलं की हळूहळू हवा निघून जाते, आणि आमच्या आजोबांची नळी तर रात्रंदिवस लघवीत. शिवाय लघवीतली प्रथिनं आधी नळीवर बसतात आणि जंतू त्या थरावर ठाण मांडतात. म्हणून 2011 साली हार्वर्डच्या संशोधकांनी घटपर्णीच्या निसरड्या काठावरून धडा घेतला आणि हवेऐवजी तेलकट द्रव धरून ठेवणारा पृष्ठभाग केला. मला ही वाट जास्त पटते.

आधीच्या लेपांचं काय झालं? 2012 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या 24 रुग्णालयांतली, सात हजारांवर रुग्णांची चाचणी छापून आली. चांदीच्या लेपाचा फायदा दिसला नाही. नायट्रोफ्युराझोन या औषधाच्या लेपाचा दिसला तो नगण्य. पण ती चाचणी होती फार तर चौदा दिवस नळी राहणाऱ्यांची. आमच्याकडे चौदाव्या दिवशी नळी निम्म्या वाटेवरही नसते. नवा लेप करणाऱ्यांनी तो महिनाभर घरी, बाजेवर पडून असलेल्या माणसावर तपासावा. घोड आणि भीमेच्या काठच्या गावांत अशी माणसं शोधावी लागणार नाहीत. तोवर मी सुनांना आणि लेकींना सांगत राहते: पिशवी कमरेच्या खाली ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका, नळीचा जोड सोडू नका आणि हात लावण्याआधी साबणानं हात धुवा.